गाणे कुणी म्हटले?

मंडळी, जुन्या गाण्यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. कोणते गाणे कोणत्या रागात, रेकॉर्डिंगच्या दिवशी काय झाले, कोण कुणावर रुसले... हे किस्से मलाही आवडतात. पण ते बहुतेक वेळा चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेले असतात आणि दर वेळी थोडे वाढतात. म्हणून अलीकडे मी एक वेगळा उद्योग करते. त्या त्या काळात जे छापले गेले तेच वाचायचे. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'चे जुने अंक स्कॅन करून जालावर ठेवले आहेत. आकाशवाणीच्या 'इंडियन लिसनर' या पाक्षिकाचे अंकही तसेच मिळतात. सोबत चित्रपटगृहाबाहेर आण्या-दोन आण्यांना विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आणि तबकड्यांवरच्या लेबलांचे फोटो. घरबसल्या, एक पैसा न देता हा खजिना वाचता येतो. बाबूरावांचे इंग्रजी वाचताना मात्र मला शब्दकोश हाताशी ठेवावा लागतो.

पहिले काही दिवस मी मथळे वाचत होते. मग हळूहळू बारीक अक्षरे वाचायची सवय लागली आणि प्रत्येक पानाला मी एकच प्रश्न विचारू लागले: हे गाणे कुणी म्हटले, ते इथे लिहिले आहे का? शाळेतली सवय, दुसरे काय! आयुष्यभर हजेरीपट भरला. पटावर ज्याचे नाव नाही ते मूल वर्गात पहिल्या बाकावर बसलेले असले तरी कागदोपत्री शाळेत नसते. गाण्यांचेही असेच झाले आहे. कोट्यवधी लोकांनी ऐकलेला आवाज पटावर नाही, असे कितीदा तरी दिसते.

सुरुवात मात्र उलटी होती. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रणासाठी आले. गौहर जानने त्यांच्यासाठी गायले आणि तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे संपता संपता इंग्रजीतून स्वतःचे नाव ठणकावून सांगितले. ते आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. त्यामागे व्यवहार होता असे सांगतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन यायच्या. तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळले नाही तर लेबल कुणाच्या नावाचे चिकटवणार? कारण काहीही असो, आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच हंगामात गाणाऱ्या बाईने आपले नाव गाण्यातच बांधून टाकले होते.

नाटकातही नावाची अडचण नव्हती. लोक नाटक बघायला जात ते बालगंधर्वांसाठी, केशवराव भोसल्यांसाठी. नाव हेच तिकीट. नावाची पंचाईत झाली ती सिनेमा बोलू लागल्यावर.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला. त्यात सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उरलेली नाही. फकिराची भूमिका करणाऱ्या वझीर मोहम्मद खान यांनी हिंदी बोलपटातले पहिले गाणे म्हटले हे आपल्याला माहीत आहे, पण ते आज ऐकता येत नाही. पहिल्या हिंदी चित्रपटगीताचा आवाज गेला, कागद तेवढा राहिला. जुन्या छापील मजकुराची किंमत मला इथे पहिल्यांदा कळली.

सुरुवातीच्या बोलपटांत पडद्यावर दिसणारा नटच गात असे, त्यामुळे 'कोण गाते' हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. गोविंदराव टेंबे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त नायकही होते, गायकही होते आणि संगीतकारही. मग १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आले. दिग्दर्शक नितीन बोस, संगीत रायचंद बोराल. त्यातल्या एका गाण्यात पारुल घोष, सुप्रभा सरकार आणि हरिमती यांचे आवाज आहेत. पारुल घोष म्हणजे संगीतकार अनिल विश्वास यांची बहीण आणि बासरीवादक पन्नालाल घोष यांची पत्नी. आज आपण तिची ओळख अशी भावाच्या आणि नवऱ्याच्या नावाने करून देतो, यातच काय ते आले.

पार्श्वगायनाने एक मोठी सोय झाली. दिसायला एक माणूस, गायला दुसरा. पण त्या सोयीच्या पोटात एक अन्याय होता. प्रेक्षकाला भास व्हायला हवा की पडद्यावरची बाईच गाते आहे. मग खरी गाणारी कोण हे जितके कमी सांगाल तितके धंद्याला बरे!

आता 'फिल्मइंडिया' बघा. १९३५ मध्ये सुरू झालेले हे मासिक म्हणजे त्या काळातले मोठे प्रस्थ. पालघरजवळच्या मासवणचा हा मराठी माणूस इंग्रजीत असे काही लिहायचा की निर्माते त्याच्या परीक्षणाला घाबरत. कथेची चिरफाड, नटीच्या वजनाची टवाळी, वाचकांच्या पत्रांना तिरकस उत्तरे. पण मी वाचलेल्या परीक्षणांत संगीताच्या वाट्याला बहुधा एखाद-दुसरे वाक्य येते. गाणी चांगली आहेत किंवा बेतास बात आहेत, पुढे चला. ती कुणी म्हटली याचा पत्ता क्वचित. आणि हे कुणा संगीताचा गंध नसलेल्या माणसाचे मासिक नव्हे. बाबूरावांच्या पत्नी सुशीलाराणी या मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या गायिका होत्या आणि मासिकाच्या लेखनात त्यांचाही हात होता. घरात गाणे होते, तरी चित्रपटातल्या गाणाऱ्याचे नाव छापण्याजोगे वाटत नव्हते. त्या काळाची नजरच तशी होती.

याच काळात मराठीत गाण्यावर बारकाईने लिहिणारे केशवराव भोळे होते. 'वसुंधरा' साप्ताहिकात त्यांनी मोठमोठ्या गायकांच्या गायकीची चिकित्सा केली. पुढे तेच प्रभातचे संगीतकार झाले. 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' त्यांचेच. गंमत अशी की इतरांच्या नावानिशी गुणदोष सांगणारा हा माणूस स्वतः 'एकलव्य' या टोपणनावाने लिहीत होता. पण त्यांची समीक्षा मैफलीच्या गायकांची. मैफल म्हणजे संगीत आणि सिनेमा म्हणजे करमणूक, ही विभागणी पक्की होती. पहिल्या रांगेतल्यांना समीक्षक मिळाले, दुसऱ्या रांगेतल्यांना नावसुद्धा मिळेना.

मग आले १९४९. बॉम्बे टॉकीजचा 'महल', दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश. त्यातले ते गूढ, दुरून जवळ येणारे गाणे तुम्हाला सांगायला नकोच. त्याची तबकडी बाजारात आली तेव्हा लेबलवर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. कामिनी म्हणजे चित्रपटात मधुबालाने केलेल्या पात्राचे नाव! जी बाई कथेतसुद्धा अर्धी भुताटकी, तिच्या नावावर गाणे लागले आणि ते गाणारी वीस वर्षांची मुलगी लेबलवर कुठेच नाही. गाणे रेडिओवर वाजू लागले तशी श्रोत्यांची पत्रे रेडिओ केंद्राकडे येऊ लागली: ही गाणारी कोण? केंद्राने ग्रामोफोन कंपनीकडे चौकशी केली आणि मग रेडिओवरून नाव सांगितले गेले... लता मंगेशकर.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय आवडते सांगू? नाव शोधून काढले ते श्रोत्यांनी. ते कुणा पत्रकाराने, परीक्षकाने किंवा निर्मात्याने शोधले नाही. कुठल्या तरी गावातल्या माणसाने पोस्टकार्ड घेतले आणि विचारले. बिचारे खेमचंद प्रकाश मात्र ऑगस्ट १९५० मध्ये गेले. आपल्या गाण्याने काय घडवले ते त्यांना पुरते बघायलाही मिळाले नाही.

लताबाईंचा आवाज नावावाचून फिरत होता तेव्हा शमशाद बेगम यांचे नाव चेहऱ्यावाचून फिरत होते. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर त्यांनी अनेक वर्षे फोटो काढू दिला नाही. त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय गायिकांपैकी एक, पण फोटो म्हणून मासिकात छापायला काही नाही. त्याचा परिणाम फार पुढे दिसला. १९९८ मध्ये शमशाद बेगम गेल्याची बातमी छापून आली, श्रद्धांजल्या झाल्या. पण गेल्या होत्या त्या दुसऱ्या शमशाद बेगम, सायरा बानू यांच्या आजी. आपल्या शमशादबाई मुंबईत लेकीकडे सुखरूप होत्या. २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि एप्रिल २०१३ मध्ये त्या खरोखर गेल्या. समजा, शंभर वर्षांनी कुणाच्या हाती १९९८ चे तेवढे एकच कात्रण लागले तर? म्हणून माझा नियम असा, की छापलेले आहे एवढ्यावर खरे मानायचे नाही. दोन कागद समोरासमोर ठेवायचे.

आता एक विलक्षण प्रकरण. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, शिकून पॅरिसची डॉक्टरेट मिळवलेले, अभिजात संगीताचे कट्टर भक्त. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. आकाशवाणीवर त्यांनी या गाण्यांना चाळणी लावली आणि प्रमाण कमी केले. त्यासोबत आणखी एक निर्णय झाला: गाणे वाजवताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते. फक्त गायकाचे नाव सांगायचे.

थांबा, हे पुन्हा वाचा. ज्या माणसाला चित्रपटगीत नकोसे होते, त्याच्या कारकिर्दीत सरकारी रेडिओने सांगितले की नाव घ्यायचे तर गाणाऱ्याचेच घ्या! तबकडीवर 'कामिनी' छापल्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. केसकरांच्या मनात गायकांचा कैवार नव्हता, चित्रपटाचे नाव कापणे एवढाच हेतू होता. पण दुकानाची पाटी काढल्यावर आतला कारागीर दिसावा तसे झाले.

निर्माते अर्थातच भडकले. चित्रपटाचे नाव नाही तर गाणीही नाहीत, म्हणून त्यांनी आकाशवाणीला दिलेली प्रसारणाची परवानगी काढून घेतली. काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. पुढे काय झाले ते आपल्या पिढीला पाठ आहे. लोकांनी रेडिओची सुई सरकवली आणि सिलोन लावले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेली सिलोनची ताकदवान लघुलहरी प्रक्षेपण यंत्रणा आयतीच होती. डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याची पत्रे ६५,००० वर गेली, असे अमीन सायानी सांगत. पोस्टकार्ड पुन्हा मदतीला आले म्हणायचे. आकाशवाणीला शेवटी नमते घ्यावे लागले आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली.

केसकरांची आपण चेष्टा करतो, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच काळातले. संस्थानिक गेल्यावर उघड्यावर पडलेल्या कितीतरी गवयांना आणि वादकांना रेडिओने पगार दिला, आणि त्यांची नावे वेळेसह आणि रागासह कार्यक्रमपत्रिकेत छापली. 'इंडियन लिसनर'चे जुने अंक चाळताना ही नावे भेटतात. त्यातली कित्येक आज कुणाला ठाऊक नाहीत, पण ती पटावर आहेत.

सिलोनच्या यादीत रस असलेल्या श्रोत्यांनी घरोघरी वह्या ठेवल्या होत्या, तेही इथे सांगितले पाहिजे. दर बुधवारी रात्री पायदान क्रमांक, गाणे, चित्रपट, गायक, संगीतकार. कुठल्याही मासिकाने इतक्या नेटाने नोंद ठेवली नसेल. पुढे गीतमालेच्या याद्या जुळवताना अशा वह्यांचा उपयोग झाला. शाळेची वही, शाईचे पेन आणि बुधवारची रात्र एवढ्या भांडवलावर इतिहास लिहिला गेला.

मासिकांच्या दुनियेत गायकाला खुर्ची मिळायला आणखी वेळ लागला. 'फिल्मफेअर' १९५२ मध्ये निघाले आणि १९५४ पासून पुरस्कार देऊ लागले. पहिल्या वर्षी पुरस्कार पाचच होते. त्यात संगीतकाराला जागा होती ('बैजू बावरा'साठी नौशाद), गायकाला नव्हती. १९५७ मध्ये शंकर-जयकिशन यांना 'चोरी चोरी'साठी पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात गाणे म्हणायची विनंती लताबाईंनी नाकारली. पुरस्कार संगीताला, गाणाऱ्याला काही नाही, तर मग सूर वाद्यांवरच वाजवा, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला 'मधुमती'साठी त्यांनाच मिळाला. हट्ट म्हणा, मानीपणा म्हणा. पण त्या अडून बसल्या म्हणून मागून येणाऱ्या सगळ्यांना जागा झाली.

इथवर वाचून वाटेल की नाव एकदा छापले की काम झाले. तसे नाही. छापलेले नावही विसरले जाते. उदाहरण आपल्या घरचेच घेऊ, गीतरामायणाचे.

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत, दर आठवड्याला एक गीत, एकूण ५६ गीते. प्रसारणानंतर वर्तमानपत्रांत गीताचे शब्द छापून येत आणि लोक कात्रणे जपून ठेवत. आता तुम्ही डोळे मिटून गीतरामायण आठवा. कुणाचा आवाज येतो? सुधीर फडक्यांचा. कारण पुढे ते कार्यक्रम करत गावोगाव फिरले आणि घरात आल्या त्या ध्वनिमुद्रिकाही त्यांच्याच आवाजातल्या. पण मूळ प्रसारणात वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळे गायक होते. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके होत्या. ते एका माणसाचे गायन नव्हते, त्या वेळचे अर्धे पुणे-मुंबई त्यात गात होते. एकाच आवाजातले रूप इतके देखणे निघाले की त्याने मूळ रूप झाकून टाकले. बाबूजींचे थोरपण यात कणभर कमी होत नाही, उलट एवढ्या गायकांकडून ते दर आठवड्याला नवे गीत बसवून घेत होते हे कळल्यावर आदर वाढतोच. पण माणिकताईंच्या सीतेला आपण ओळख देणार की नाही?

म्हणून जुना कागद हवा. ५६ गीते कुणी कुणी गायली हे स्मरणावर सोडले असते, तर आज एकच नाव उरले असते.

आणि आता छापील कागदाने केलेला गोंधळ. १९७४ च्या गिनीज बुकात नोंद आली, की लता मंगेशकर यांनी १९४८ ते १९७४ या काळात किमान २५,००० गाणी ध्वनिमुद्रित केली. मग काय, हा आकडा प्रत्येक वर्तमानपत्रात, प्रत्येक सत्काराच्या भाषणात. मोहम्मद रफींनी १९७७ आणि १९७९ मध्ये गिनीजला पत्रे लिहून हरकत घेतली. रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजी गेले. नंतर १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीसोबत रफींच्या २८,००० गाण्यांचा दावाही छापला गेला.

आपण जरा पाटीवर हिशेब करू. २५,००० भागिले २६ वर्षे, म्हणजे वर्षाला ९६० च्या वर. सुट्टी नाही, सर्दी-खोकला नाही असे धरले तरी दिवसाला अडीचपेक्षा जास्त. त्या काळात हिंदीत वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे चित्रपट निघत, प्रत्येकात सरासरी आठ-दहा गाणी. म्हणजे हिंदीतली जवळजवळ सगळी गाणी, पुरुषांचीसुद्धा, एकट्या लताबाईंनी म्हटली तर हा आकडा गाठता येईल. इतर भाषांतली थोडीफार गाणी मिळवली तरी ताळा जमत नाही. पाचवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित, पण पत्रकारांच्या दोन पिढ्यांनी ते करून पाहिले नाही.

ज्यांनी केले ते कोण? कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज'. त्यांनी पुस्तिका, तबकड्यांची लेबले, जुने अंक गोळा करून 'हिंदी फिल्म गीत कोश' तयार केला. १९८० पासून त्याचे खंड निघू लागले, एका दशकाला एक खंड. चित्रपट, साल, गाण्याची पहिली ओळ, गीतकार, संगीतकार, गायक. आणि जिथे गायक कळला नाही तिथे अंदाज ठोकून न देता जागा तशीच ठेवायची. या रिकाम्या जागा मला फार बोलक्या वाटतात. विश्वास नेरूरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची अशीच एकेक करून सूची केली, तेव्हा हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच हजारांच्या थोडा पुढे भरला. गिनीजनेही १९९१ मध्ये ती नोंद काढून टाकली.

पाच हजार हा काही लहान आकडा नव्हे. त्यातली दोनशे गाणी ऐकली तरी माणूस धन्य होतो. फुगवलेल्या आकड्याने लताबाई मोठ्या झाल्या नाहीत. झाले एवढेच, की त्या फुगवट्याखाली इतर कितीतरी गायिकांच्या नोंदी दबल्या. ज्याने कुणी एकीच्या खात्यावर वीस हजार गाणी जास्त चढवली, त्याने ती नकळत दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून काढली होती.

आणखी एका रांगेकडे बघून थांबते. लताबाई, रफी, शमशादबाई यांना उशिरा का होईना नाव मिळाले. पण त्यांच्या मागे बसलेल्यांचे काय? हिंदी चित्रपटगीतांतले व्हायोलिनांचे ताफे, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्य पद्धतीने सुरावट लिहायला-वाचायला शिकवलेले असे. आपले संगीतकार चाल गुणगुणत, आणि ती चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवून देणारे असत सेबॅस्टियन डिसोझांसारखे लोक. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो भरगच्च वाद्यमेळ आठवा. त्याची मांडणी सेबॅस्टियन यांची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय वाद्यवृंदाचा मोठा जलसा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. एवढा मोठा माणूस, पण देशाला त्याचे नाव माहीत झाले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका विनोदी गाण्यातून. आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटले की नाव काल्पनिक आहे! शिष्याने गुरूला केलेला नमस्कार लोकांनी गंमत म्हणून ऐकला.

ज्यांनी जुन्या वादकांना गाठून हे सगळे लिहून ठेवले त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. कारण त्यांच्या बाबतीत कागदच नव्हता. लेबलवर नाव नाही, पुस्तिकेत नाही, मासिकात नाही. पानेच कोरी, तर अभिलेखागार काय दाखवणार? ही माणसे हयात असताना विचारले गेले तेवढे वाचले. बाकीचे गेले.

तर सांगायचा मुद्दा असा, की लोकप्रिय संगीताचा इतिहास जुन्या अंकांत आहेच, पण तो जे छापले त्यात जितका आहे तितकाच जे छापले नाही त्यात आहे. कुणाचे नाव मोठ्या अक्षरात, कुणाचे बारीक, कुणाचे गाळलेले, हे बघत गेले की तो समाज कुणाला कलाकार समजत होता आणि कुणाला रोजंदारीवरचा माणूस, हे आपोआप समजते.

आता कामाचे बोलते. नातेवाईक मंडळींनो, तुमच्यापैकी काहींच्या माळ्यावर जुने 'रसरंग', 'जी', पन्नास-साठच्या दशकातले दिवाळी अंक, गाण्यांच्या पुस्तिका, गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या कार्यक्रमपत्रिका नक्की आहेत. रद्दीवाल्याला द्यायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. जुन्या फोटोंत कुणी पेटीवर, कुणी तबल्यावर बसलेले असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे पेन्सिलीने नावे लिहा, डावीकडून उजवीकडे. आणि ब्लॉग लिहिणाऱ्या मित्रांनो, गाण्यावर लिहाल तेव्हा गायकासोबत कवी, संगीतकार आणि माहीत असेल तर वादकाचे नावही लिहा. माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवा, हमराजांसारखी. पुढे कुणीतरी ती भरेल.

गीतरामायणाची १९५५-५६ मधली वर्तमानपत्री कात्रणे कुणाकडे असतील तर मला जरूर कळवा. मूळ गायकांची गीतवार यादी करायला घेतली आहे. सहा रकाने आखले आहेत, पाच भरत आले.